पन्नास रुपयांची पावती

टोलविरोधी आंदोलनावर आम्ही केलेल्या माहितीपटाचा शो होता. कोल्हापुरात शाहू स्मारकच्या दारात आम्ही एक टेबल टाकलं होतं. टेबलावर पावतीपुस्तक, सुट्ट्या पैशांचा डबा आणि हिशेबाला चोख म्हणून बसवलेला एक मित्र. शो सहाचा. पावणेसहाला गर्दी जमायला लागली आणि साठी उलटलेले एक काका टेबलापाशी येऊन थांबले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ग्रीस. उद्यमनगरातल्या कारखान्यांत हयात गेलेली असणार. मित्र म्हणाला, "काका, पन्नास रुपये." त्यांनी आधी बोर्ड वाचला, मग पावतीपुस्तक बघितलं, मग आमच्या तोंडाकडं बघितलं. "टोलवरची फिल्म न्हवं ही?" "होय की." "मग टोल कसला घ्यायलाय?" मागं रांगेत हशा पिकला. आम्हीही हसलो. काका हसले नाहीत. म्हणाले, "त्यात मी हाय. फुलेवाडी नाक्यावर मला उचलून गाडीत घातलेलं हाय. माझंच मला बघायला पैसं?" मी पुढं झालो, म्हटलं, काका, तुमच्याकडनं कोण पैसे घेतंय, चला आत. त्यावर ते जास्तच बिघडले. "फुकट बघायला आलोय व्हय मी?" एवढं बोलून वळले, पायऱ्या उतरले आणि दसरा चौकातल्या गर्दीत मिसळून गेले.

शो भरगच्च झाला. टाळ्याही पडल्या.

रात्री मात्र झोप लागेना. टाळ्या वाजवणाऱ्या एवढ्या लोकांपैकी एकाचाही चेहरा आठवत नव्हता आणि न आलेल्या माणसाचा पेन कुठल्या कंपनीचा होता तेसुद्धा आठवत होतं. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. हॉलचं भाडं, प्रोजेक्टरवाल्याचे पैसे, साऊंड, सेन्सॉरची फी, मुंबईच्या खेपा, फुटेज ठेवायच्या हार्ड डिस्का. आमच्या मागं ना निर्माता, ना चॅनेल, ना कुणी साहेब. गणपतीला, फुटबॉलच्या टीमला, तालमीच्या छपराला या गावात एका हाकेसरशी वर्गणी जमते. माहितीपटासाठी मागायला गेलं की लोक आधी विचारतात, "कुठल्या योजनेची जाहिरात?" मग आपण समजावून सांगायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या दारी जायचं. एवढं सगळं करून पन्नास रुपये मागितले तर कुठं बिघडलं? हे सगळं मी त्यांना ठणकावून ऐकवत होतो. अंथरुणात पडून माणूस फार मुद्देसूद बोलतो.

आंदोलन काय होतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही. सुमारे 220 कोटींचे रस्ते, त्याच्या बदल्यात 30 वर्षं टोल, गावाच्या सगळ्या वाटांवर मिळून नऊ नाके. शिरोलीहून या, कळंब्याहून या, फुलेवाडीहून या, गावात शिरताना पावती फाडायची. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली त्या दिवसांतलं मला आठवतं ते चित्र मोर्चाचं नाही. नाक्यावरच्या त्या नव्याकोऱ्या खोक्यांतून खाकी गणवेशातली, बाहेरगावची, कोवळी पोरं हात बाहेर काढून बसायची आणि आमचे रिक्षावाले त्यांच्यासमोर इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळत बसायचे. "देणार न्हाई" एवढंच सांगायचे. मागं गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, डिझेलचा वास, आणि हा गडी तळहातावर चुना लावतोय. मग कुठून तरी हलगी यायची. हलगी आली की कोल्हापूरचा माणूस घरात थांबत नाही, मुद्दा कुठलाही असो. आंदोलनाचे म्होरके एन. डी. पाटील सरांचं वय तेव्हा 84. ते चालायला लागले की तरण्या पोरांना लाज वाटून पुढं सरकावंच लागायचं.

आमच्याकडचं सगळ्यात जुनं फुटेज केबलच्या न्यूज चॅनेलसाठी काम करणाऱ्या एका कॅमेरामनकडनं मिळालं. त्याच्या घरी माळ्यावर टेपा होत्या, पावसाळ्याची ओल बसलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. त्या वाजवायला लागणारं यंत्र आता मिळत नाही. एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या अडगळीत ते निघालं. त्यानं हेड साफ केलं, टेप घातली, पडद्यावर आधी नुसत्या निळ्या रेघा आल्या आणि मग एकदम बिंदू चौक. कॉम्रेड गोविंद पानसरे बोलायला उभे राहिलेले, माईकची उंची जमत नाहीये म्हणून कुणीतरी खालून काठी वर सरकवतंय, आणि ते थांबलेत. फक्त थांबलेत. आम्ही तिघं त्या अडगळीत उकिडवे बसून ते बघत होतो. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून परत येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, 20 तारखेला ते गेले. टोल तेव्हा अजून उठायचा होता. एडिटिंगला बसल्यावर तो थांबण्याचा शॉट काढून टाकावा असं दोघातिघांनी सुचवलं, कारण त्यात काही "घडत नाही". मी ठेवला. शोच्या वेळी हॉलमधली कुजबूज बंद होते ती नेमकी तिथंच.

पण प्रसिद्धी ही वेगळीच विद्या आहे. ती सांभाळायला म्हणून जो पोरगा आला, कामाला चोख, मनानं चांगला, त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, जाळपोळ कितव्या मिनिटाला आहे?" जानेवारी 2014 मध्ये टोल थांबवायचं आश्वासन फिरलं असं कळल्यावर लोकांनी नाके पेटवले, ती संध्याकाळ. ते फुटेज आमच्याकडं आहे, मोबाईलवर उभं घेतलेलं, हललेलं, धुरानं अर्धं काळं. "मग ट्रेलर तिथनं सुरू." मोबाईलवरच्या रिळाच्या पहिल्या तीन सेकंदांत आग दिसली नाही तर बोट पुढं सरकतं, हे त्यानं मला आकडे दाखवून सिद्ध केलं. मी म्हटलं, अरे, ती एक संध्याकाळ होती. त्याच्या आधी आणि नंतर नुसत्या बैठका झाल्या. कुठं तालमीत, कुठं कुणाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर. आमच्या फिल्ममध्ये 11 मिनिटांची एक बैठक आहे. नुसती माणसं बोलतात. चहा येतो, कप परत जातात, एक जण रुसून उठतो, दुसरा त्याला दारातनं परत आणतो, आणि उद्याच्या मोर्चात पुढं कुठल्या पेठेनं चालायचं यावर इतका वेळ जातो की मूळ विषय कुठला होता ते अध्यक्षांनाच विचारावं लागतं. पोरानं ती बैठक डोळे न हलवता पूर्ण बघितली आणि सौम्यपणे म्हणाला, "ही फेस्टिवलला ठेवूया, सर."

ट्रेलर आगीनंच सुरू झाला. चाललाही जोरात. खाली प्रतिक्रिया सगळ्या "नाद खुळा" आणि "जगात भारी". वाचून बरं वाटलं आणि कसंतरीही वाटलं.

फ्लेक्सची गोष्ट तर याहून मजेची. शहरात सिनेमा कळवायचा म्हणजे चौकात फ्लेक्स पाहिजे. छापणाऱ्याकडं गेलो, फिल्मचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण, मागं नाक्याचं चित्र, असं डिझाइन दिलं. त्यानं माउस थांबवला. "फोटो कुणाकुणाचे?" म्हटलं, कुणाचे नाहीत. "कुणाचेच न्हाईत? मग लोकांना कळणार कसं कुणाचं हाय ते?" आमच्या चौकांत वाढदिवसाच्या मुलाच्या फ्लेक्सवरसुद्धा वीस शुभेच्छुक असतात, चेहऱ्याशिवाय फ्लेक्स म्हणजे त्याला बेवारस वाटला. आणि हे आंदोलन तर सर्वपक्षीय. एकाचा फोटो घेतला तर दुसरा नाराज, दोघांचे घेतले तर कुणाचा मोठा. शेवटी एन. डी. सर आणि पानसरे एवढे दोनच फोटो घ्यायचं ठरलं. सर 2022 च्या जानेवारीत गेले. गेलेल्या माणसांच्या फोटोवर कुणी हरकत घेत नाही, हे त्या टेबलावर आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही.

पडद्यावरच्या नावाच्या पट्ट्यांचंही तेच. मुलाखती घेतल्या तेव्हा प्रत्येकाच्या नावाखाली पक्ष लिहिला होता. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी फुटली. आमची फिल्म अजून कॉम्प्युटरवरच आणि पट्ट्या एकामागून एक खोट्या व्हायला लागल्या. एक कार्यकर्ता तर पट्टी दुरुस्त करून फाईल बाहेर काढेपर्यंत परत पहिल्या ठिकाणी. ज्यांनी नाक्यावर एका सतरंजीवर बसून एकाच डब्यातली भाकरी मोडली होती ते आता एकमेकांच्या लग्नपत्रिकाही टाळतात. मग आम्ही सगळ्यांचे पक्ष काढले आणि सरसकट "टोलविरोधी कार्यकर्ता" लिहिलं. दोघांचे फोन आले, पद का काढलं म्हणून. एकाचा आला तो वेगळाच. म्हणाला, मला फिल्ममधून काढता येईल का, पोरग्याची सरकारी भरती चाललीय आणि माझ्यावरच्या गुन्ह्याचा विषय घरात नको. त्याला काढलं. आंदोलनाच्या दिवसांत गावभर मिशीला पीळ देऊन फिरलेला माणूस फोनवर इतक्या हळू आवाजात बोलत होता की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

सेन्सॉरबद्दल लोक फार विचारतात. माहितीपट असला तरी जाहीर खेळ करायचा तर 1952 च्या कायद्यानं प्रमाणपत्र लागतं, त्यात आता 'यूए'चेही वयाप्रमाणं 7, 13 आणि 16 असे तीन प्रकार झालेत. अर्ज करायच्या आधी आम्ही खबरदारी म्हणून स्वतःच शिव्या मोजायला बसलो. कोल्हापुरी बैठकीतल्या शिव्या. त्यातल्या निम्म्या तर शिव्या नव्हेतच, ती विरामचिन्हं. सगळ्या म्यूट केल्या तर सभा मुकी झाली असती, म्हणून आईबहिणीवरच्या तेवढ्या झाकल्या आणि बाकीच्या नशिबावर सोडल्या. ऑनलाइनची अडचण निराळी. मोर्चात मागं टेम्पोवर सिनेमातलं गाणं वाजत होतं. फिल्मचा तुकडा यूट्यूबवर चढवला की काही मिनिटांत गाण्याच्या मालकाचा दावा हजर. माणसांच्या घोषणांवर कुणाचा दावा नाही, गाण्यावर आहे. तो आवाज खरवडून काढायला गेलो तर त्याबरोबर हलगीही जायला लागली. शेवटी कॅमेरामनच्या दुसऱ्या एका टेपेवरची हलगी आणून तिथं बसवली. जाणकारानं कान देऊन ऐकलं तर ठेका आणि हात जुळत नाहीत हे त्याच्या लक्षात येईल.

आता या गावात सिनेमाचं कौतुक कुणी कुणाला सांगावं. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा इथंच घडवला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याला वळसा घालून आम्ही रोज जातो. 'प्रभात' 1929 साली इथं सुरू झाली आणि 1933 साली पुण्याला गेली. ते म्हातारी माणसं अजून अशा सुरात सांगतात की जणू काल ट्रक भरून गेला. तरीही तुमच्याआमच्या डोक्यात सिनेमा म्हणजे राजे, तलवारी, लावणी किंवा निदान नायक तरी. ज्यात आपल्या गल्लीतला माणूस बनियनवर बसून बोलतो तो सिनेमा कसला? पोस्टर रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरकडं मी हौसेनं गेलो होतो, फ्लेक्सच्या जमान्यात एक तरी हातानं रंगवलेलं पोस्टर असावं म्हणून. त्यांनी फोटो चाळले आणि म्हणाले, "यात नजर कुठं लावायची? सगळीच सारखी दिसत्यात." रंगवलं मात्र सुरेख. गर्दी त्यांनी पिवळ्या रंगात रंगवली आणि मधोमध एका बाईचा हात तेवढा लाल.

बाहेरगावच्या शोमध्ये प्रश्न बदलतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा चार मित्रांनी कळवलं, आत्ता काढ, विषय तापलाय. पुण्यात एका गृहस्थांनी टोलच्या अर्थशास्त्रावर प्रश्न म्हणून छोटं भाषण केलं आणि उत्तर न ऐकता बसले. आमच्याच कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांना दाखवली तर एका मुलीनं अगदी निरागसपणे विचारलं, "पण सर, फास्टॅगमधून आपोआप कट झाले नाहीत का?" सगळी पोरं हसली, पण प्रश्न साधा नव्हता. समोर हात पसरणारा माणूस असला तर "देणार नाही" म्हणता येतं. काचेवरच्या चिकटपट्टीला काय म्हणणार? तंबाखू मळत बसणारा रिक्षावाला त्या मुलीला कळण्यासाठी आधी नाक्यावर थांबावं लागायचं हे सांगावं लागलं.

त्या काकांबद्दलचं माझं भांडण मध्येच सुटलं होतं, ते असं हळूहळू परत आलं. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, गावात साखर वाटली, गुलाल उडाला. रस्ते करणाऱ्या कंपनीचे पैसे सरकारनं भागवायचं ठरलं. म्हणजे दिले शेवटी कुणी? आपणच दिले, दुसऱ्या खिशातनं दिले. हे फिल्ममध्ये आहे आणि त्या वाक्यावर हॉलमध्ये दर वेळी चुळबूळ होते, कारण जिंकल्याच्या गोष्टीत असलं वाक्य कुणाला नको असतं. पण मला वाटतं नाक्यावरचा राग पैशांपुरता नव्हताच. आमच्या दारातला रस्ता, आमच्या दारातली वसुली, आणि करार करताना आम्हाला विचारलं कुणी? त्या काकांना पन्नास रुपये जड नव्हते. येताना ते रिक्षानं आले असतील तर तेवढे त्यांनी तिथंच दिले असतील. त्यांचा चेहरा आम्ही टेपेवरनं उचलला. सार्वजनिक रस्त्यावरचं दृश्य, कायद्यानं ठीक. तिकीट लावलं, तेही मला आजसुद्धा रास्तच वाटतं. माळ्यावरच्या टेपा फुकट साफ होत नाहीत आणि ज्याला फुकट दाखवायची सवय लागते त्याला पुढची फिल्म कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पैशानं करावी लागते. ते काकाही बरोबर होते. दोन्ही बाजू बरोबर असल्या की माणसाला काही सुचत नाही, म्हणून आम्ही नंतरच्या काही शोना टेबल न टाकता शेवटी डबा फिरवून बघितला. पुण्यात डब्यात पैसे पडले. कोल्हापुरात सल्ले पडले.

फुलेवाडीचा तो तुकडा मी नंतर पुष्कळदा बघितला. तिघाचौघांना उचललंय. पांढरे शर्ट दोन आहेत. एकाची चप्पल रस्त्यात राहिली आहे. यातले काका कुठले ते मला ठरवता आलेलं नाही.

अलीकडं बोलावणी येतात ती शहरातनं कमी आणि खेड्यातनं जास्त. शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत, 12 जिल्ह्यांतून जाणाऱ्या त्या 802 किलोमीटरच्या रेघेत, आपल्या जिल्ह्यातली पिकाऊ रानं आली आणि शेतकरी उभे राहिले, तेव्हापासून कुणी ना कुणी फोन करतं, "ते टोलचं घिऊन या की आमच्यात." भुदरगड तालुक्यातल्या एका गावात असंच गेलो. डेअरीला दूध घालून लोक आठनंतर देवळाच्या सभामंडपात जमले. पडदा म्हणून लग्नातला पांढरा कापडी मांडव ताणलेला, त्यावर एका कोपऱ्यात हळदीचे डाग. स्पीकर दहाला बंद करायचा म्हणून मी घाई करत होतो. आगीचा भाग आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, म्हातारी माणसं तशीच बसून राहिली. मग बैठक सुरू झाली. ती 11 मिनिटं. मी सवयीनं मागं जाऊन उभा राहिलो. इथं लोक उठतात, पाणी प्यायला जातात, मोबाईल बघतात, हे मला पाठ झालंय. कुणी उठलं नाही. ज्या जागी तो रुसलेला माणूस दारापर्यंत जातो तिथं पुढच्या रांगेतल्या एका आण्णांनी हात वर केला. "थांबवा जरा. त्याला परत आणला तो कोण? कुठल्या पार्टीचा?" मी सांगितलं, त्या वेळी तो विरुद्ध पार्टीचा होता. "आणि हा आला परत?" आला. "मागं घ्या, परत दाखवा, काय बोलला त्यो त्याला ते ऐकू येऊ दे."

मागं घेतलं. आवाज मुळातच खराब, दारातलं बोलणं नीट लागत नाही. परत एकदा लावलं. एक जण म्हणाला, त्यानं चहाचं काहीतरी म्हटलं. दुसरा म्हणाला, न्हाई, त्यानं त्याच्या बापाचं नाव घेतलं. मागनं एक बाई म्हणाल्या, "त्ये जाऊ द्या, आपल्यात खालच्या आळीचं कोण आलंय काय आज? त्यास्नी बोलावलं कुणी?" यावर दोघं एकदम बोलायला लागले. बोलावलं होतं, निरोप दिला होता, निरोप कुणाकडं दिला, त्याच्याकडं दिलास म्हणूनच ते आले न्हाईत. सरपंचांनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. एक पोरगं गाडीला किक मारून खालच्या आळीकडं गेलं. पडद्यावर कुणाचा तरी हात चहाच्या कपाकडं जाता जाता गोठला होता, तिकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं. मी आण्णांना विचारलं, पुढं चालू करू का? ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आधी हे मिटू दे." दिव्याचे तास वाचावेत म्हणून मी प्रोजेक्टर बंद केला आणि सतरंजीवर जागा मिळाली तिथं बसलो.